वहीत न लिहिलेल्या पुड्या

मागच्या दिवाळीपासून मार्गशीर्ष संपेपर्यंत आमच्या दुकानातून मसाल्याच्या अकरा पुड्या कमी भरल्या. एकदम नाही. आठवड्याला एक, कधी दोन. दहा रुपयांची पुडी, म्हणजे सगळा मिळून एकशे दहा रुपयांचा मामला. वडील असते काउंटरवर तर त्यांना कळलंही नसतं, कारण त्यांचा सगळा हिशेब डोक्यात. मी मात्र दुकानात बसायला लागल्यावर मोबाइलवर हिशेबाचं अ‍ॅप घेतलं होतं आणि विकलेली प्रत्येक गोळीसुद्धा त्यात टाकत होतो. वडील म्हणायचे, "चार महिन्यांत कंटाळशील." चार महिने झाले नव्हते, त्यामुळे अकरा पुड्या सापडल्या. म्हणजे सापडल्या नाहीत, हे सापडलं.

संशय कुणावर घ्यायचा हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. संध्याकाळी आमच्याकडे एक मुलगा कामाला येतो. एकोणीस वर्षांचा, बारावी करून पुढे शिकतोय. घरी आई आणि लहान बहीण. आई कांद्याच्या खळ्यावर जाते. मला वाटलं, घरी नेत असेल. बोललो नाही काही, पण त्याच्याकडे बघायची माझी नजर बदलली. तो मसाल्याच्या माळेजवळ गेला की मी उगाच मान वर करायचो. एकदा तर म्हणालो, "पुड्या मोजून ठेवल्यात बरं का." तो "हो दादा" म्हणाला आणि त्या दिवशी साडेआठच्या जागी आठलाच निघून गेला.

पौषात एका सकाळी अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीतली राख काढताना एक अर्धवट जळालेलं पाकीट हाताला लागलं. आतून चंदेरी, बाहेरून लाल. ही पाकिटं पूर्ण जळत नाहीत, आक्रसून गोळा होतात. राखेत आणखी तसे गोळे होते.

ती चूल आई पेटवते. रोज, पहाटे पाचला.

*

हे सगळं एवढं मोठं का वाटावं, ते समजायला आमचं घर थोडं सांगायला हवं.

घोडेगाव नगर–संभाजीनगर रस्त्यावर आहे. शनिशिंगणापूरला जाणारा रस्ता आमच्या इथूनच फुटतो. पण आसपासच्या तालुक्यांत आमचं नाव आहे ते जनावरांच्या बाजारामुळे आणि कांद्यामुळे. लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात, हवेलाही कांद्याचा वास असतो. आमचं किराणा दुकान या गर्दीवरच चालतं. घर दुकानाच्या मागेच. एक पडदा सरकवला की स्वयंपाकघर.

वडिलांचा एक नियम आहे: दुकान वेगळं, घर वेगळं. घरात लागणारी काडेपेटीसुद्धा आधी लाल वहीत लिहायची, मग न्यायची. 'घरखर्च' असं पान आहे, दर महिन्याला नवीन. आईचं अक्षर त्या वहीत वीस-पंचवीस वर्षांचं साठलेलं आहे. साखर २ किलो. शेंगदाणे अर्धा. पाहुणे आले की चहा पावडर जास्त. त्या वह्या वाचून आमच्या घरी कोण कधी आलं हेही सांगता येईल.

आणि आईचा मसाला. दरवर्षी चैत्रात ती वर्षभराचा काळा मसाला करते. धणे, सुकं खोबरं, मिरची, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, तमालपत्र, तीळ, खसखस, एकेक वेगळं भाजायचं, मग डंकावर नेऊन कुटून आणायचं. दोन दिवस घरात कुणी सरळ श्वास घेत नाही. ठसक्याने दुकानातली गिऱ्हाइकंही शिंकतात. तो मसाला चिनी मातीच्या बरणीत भरतात आणि वरती हिंगाचा खडा ठेवतात. आमच्या दुकानात चार कंपन्यांचे मसाले टांगलेले असताना घरात त्यातली एकही पुडी कधी फुटली नाही, याचा वडिलांना अभिमान. "विकायचं ते विकायचं, खायचं ते घरचं," असं ते गिऱ्हाइकासमोरही म्हणतात. धंद्याच्या दृष्टीने हे काही फार हुशारीचं वाक्य नाही.

मीही त्यातलाच. शिकायला पुण्यात होतो तेव्हा मेसच्या डब्याला नावं ठेवताना मी कायम या मसाल्याचा दाखला द्यायचो. मागच्या दिवाळीनंतर एका रात्री आईने शेंगोळे केले होते. रस्सा असा झाला होता की मी ताटाचा फोटो काढून स्टेटसला टाकला: 'आईच्या हातचा मसाला. पाकिटात मिळत नाही.' बावन्न जणांनी बघितला. पुण्याच्या मित्रांनी जिभल्या चाटणाऱ्या इमोजी पाठवल्या. आईला मी ते दाखवलं होतं. ती हसली होती आणि भांडी उचलायला लागली होती.

त्या तारखेपर्यंत दुकानातून तीन पुड्या गेलेल्या होत्या. अ‍ॅपमध्ये आहे.

*

त्या चैत्रात तिचा उजवा खांदा धरला होता. हात वर जात नव्हता. मसाला तिने निम्माच केला आणि तो दिवाळीत संपला. हे सगळं मला नंतर जोडता आलं. तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण बरणी भरलेली दिसत होती. ती पुड्या बरणीत ओतत होती. वर हिंगाचा खडाही होता.

मला यातली चोरी खटकत नाही. स्वतःच्या दुकानातून स्वतःच्या घरात एकशे दहा रुपयांचा मसाला नेणं ही चोरी कसली? मला खटकते ती राख. पाकीट फोडून ते पहाटेच्या अंधारात चुलीत घालणं. पंचावन्न वर्षांची बाई, जिने आयुष्यात एक काडेपेटी न लिहिता नेली नाही, ती मसाल्याची पुडी लपवून नेते, तर तिला कशाची भीती वाटत होती? आम्ही रागावलो असतो? नाही. वडील फार तर म्हणाले असते, "होय का, बरं." मग?

काउंटरवर बसून मी एक गोष्ट रोज बघतो, तिचा अर्थ मला या प्रकरणानंतर लागला. बायका तयार वस्तू घेताना कारण सांगतात. मी विचारत नाही, तरी सांगतात. "अचानक पाव्हणे आले, नाहीतर आम्ही घरचाच वापरतो." "मिक्सर बिघडलाय." "पोरगं मॅगीशिवाय ऐकतच नाही, काय करता." आलं-लसूण पेस्टची पुडी घेणाऱ्या एका काकूंनी मला त्यांच्या बोटाला झालेली जखम दाखवली होती. आणि पुरुष? तंबाखूची पुडी घेतात, बिडीचं बंडल घेतात, पैसे टाकतात, जातात. मला आजवर एकाही माणसाने तंबाखू का लागते याचं कारण दिलेलं नाही.

दहा रुपयांच्या मसाल्याला माफी मागावी लागते, दहा रुपयांच्या तंबाखूला लागत नाही. म्हणजे ही माफी आरोग्याशी संबंधित नाही, एवढं तर नक्की.

*

'घरचं' म्हणजे नेमकं कुठून सुरू झालेलं? मला हा प्रश्न आधी पुस्तकी वाटायचा. पण आमच्याच घरात तो तीन पिढ्या भांडला गेला आहे.

माझी आजी लग्न होऊन आली तेव्हा पहाटे उठून जात्यावर दळायची. गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा तिच्या सासूने म्हणे कित्येक महिने गिरणीच्या पिठाची भाकरी खाल्ली नाही. गिरणीत पीठ करपतं, भाकरीला चव राहत नाही, आणि मुख्य म्हणजे बायका आळशी होतात. आजी हे सांगताना हसायची. म्हणायची, "गिरणी आली तवा मला देव पावला." आज गिरणीतून दळून आणलेल्या बाजरीच्या भाकरीला आपण बिनदिक्कत 'अस्सल घरची' म्हणतो. हुरड्याच्या सीझनला रस्त्याकडेच्या हॉटेलांवर तसे बोर्ड असतात. पणजीच्या हिशेबाने ती भाकरी बाहेरचीच.

जातं गेलं तेव्हा काहीच गेलं नाही, असं मात्र नाही. जात्यावर बसलेल्या बायका ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि 'पारी' या संकेतस्थळावर त्या आता ऐकायला मिळतात. माहेर, सासर, भाऊ, पाऊस, नवऱ्याचा मार, सगळं त्यात आहे. दळण गिरणीत गेलं आणि ते गाण्याचं निमित्तही गेलं. हे नुकसान खरंच आहे. पण ते नुकसान भरून काढायला जातं परत आणा, असं ओव्या म्हणणाऱ्यांपैकी किती जणी म्हणाल्या असत्या? आजीला मी विचारलं होतं. ती म्हणाली, "गाणं येत हुतं ते दुखणं इसरायला."

दुसरी गंमत येसरची. आमच्या भागात आणि मराठवाड्यात येसर करतात. धान्य, डाळी भाजून मसाल्यासकट दळलेली पूड. डब्यात असली की दहा मिनिटांत आमटी होते. आता हे 'रेडी मिक्स' नाही तर काय आहे? मेतकूट, भाजणी, सांडगे, कुरडया, शेवया, सातूचं पीठ, हे सगळं झटपटच आहे. उन्हाळ्यात एकदा राबायचं आणि वर्षभर वेळ वाचवायचा. म्हणजे वेळ वाचवणं हे पाप आपल्या परंपरेत कधीच नव्हतं. फक्त पूर्वी डब्यात साठवलेले श्रम घरातल्याच बाईचे असायचे. पुडीत ते कुणा अनोळखी माणसाचे असतात, आणि त्याचे पैसे मोजावे लागतात.

मला वाटतं खरी अडचण इथे आहे. विकत आणलं की श्रमाची किंमत दिसते. दहा रुपये. घरी केलं की ती दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ती प्रेम या खात्यावर टाकता येते.

*

कांद्याच्या खळ्यावर कामाला जाणाऱ्या बायका संध्याकाळी आमच्याकडे येतात. दिवसभर कांदा निवडायचा, गोण्या भरायच्या. हाताचा वास साबणाने जात नाही. त्या पाच-दहा रुपयांची मसाल्याची पुडी नेतात, पाव किलो तेल, थोडी डाळ. यांच्यातल्या बहुतेक जणी वर्षाचा मसाला करत नाहीत. करता येत नाही असं नाही. करायला चैत्रात मिरची, खोबरं, धणे, गरम मसाला असं एकरकमी दीड-दोन हजारांचं सामान घ्यावं लागतं, शिवाय दोन दिवसांची मजुरी बुडते. पुडीचा मसाला वजनावर बघितला तर महाग पडतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण एकदम दोन हजार कुठून आणायचे?

म्हणजे 'आम्ही मसाला घरीच करतो' हे वाक्य साधेपणाचं म्हणून सांगितलं जातं, आणि त्यात एक छोटीशी श्रीमंती लपलेली असते. चैत्रात हातात पैसे असण्याची. दोन दिवस घरी बसू शकणारी बाई घरात असण्याची. रीलमध्ये मातीच्या चुलीवर, पाट्यावर वाटणारी बाई दाखवतात तेव्हा मला नेहमी वाटतं, कॅमेरा थोडा मागे घ्या. पाणी कोण भरतंय, सरपण कोण आणतंय, आणि ती बाई दिवसाची मजुरी बुडवून बसली आहे का, तेही दिसू दे.

तयार खाण्याच्या जन्मकथेतही हीच बाई आहे. ज्युलियस मॅगी हा स्वित्झर्लंडमधला पिठाच्या गिरणीचा मालक. १८८०च्या दशकात तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना घरी येऊन रांधायला वेळ उरत नव्हता आणि कुटुंबांचं खाणं निकृष्ट होत चाललं होतं. त्यांच्यासाठी लवकर शिजणारं, डाळी-कडधान्यांच्या पिठाचं सूप त्याने बनवलं. नूडल्स फार नंतरच्या, भारतात त्या १९८३ मध्ये आल्या. कंपन्यांची पुढची कहाणी नफ्याचीच आहे आणि त्याबद्दल मला भाबडेपणा नाही, मी त्यांचा माल विकतो. पण सुरुवातीला समोर उभी होती ती आळशी बाई नव्हती, थकलेली होती.

योगायोगाने त्याच १९८३ साली अमेरिकेत रुथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंचं 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की घरात यंत्रं आली तेव्हा आधी पुरुषांची आणि मुलांची कामं कमी झाली. शेगडी आली, लाकडं फोडणं कमी झालं. गिरणीचं पीठ आलं, धान्य कुटणं-वाहणं गेलं. बाईचं काम मात्र कमी होण्याऐवजी अपेक्षा वाढल्या. एका भांड्यातल्या रटरट शिजणाऱ्या जेवणाच्या जागी चार पदार्थ आले.

हे वाचून मला आमचं घर आठवलं. गॅस आला आणि आजोबांचं सरपण फोडणं बंद झालं. आणि दिवसातून दोनदा होणारा चहा सहा वेळा व्हायला लागला.

२०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत देशातल्या घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं आढळलं. पुरुष ९७. पण हे ९७ घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे, आणि असे पुरुष शंभरात सव्वीस होते. बायका एक्क्याऐंशी. मी त्या वर्षी कुठल्या गटात होतो हे सांगायची गरज नाही.

*

माझा एक मित्र आहे, त्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग प्रश्न सुटला की, पुडी वापरा. आणि त्याच्या आईने वापरली तर त्याला चालेल, असंही म्हणाला. अगदी उदारपणे.

पण प्रश्न सुटत नाही. एक तर सगळी पाकिटं सारखी नसतात. भाजून कुटलेला मसाला वेगळा आणि ज्यात मूळ धान्य-भाजी शोधावी लागते असे खाद्यपदार्थ वेगळे. ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरो यांनी हा फरक मांडला, त्यातूनच 'अल्ट्रा-प्रोसेस्ड' हा शब्द जगभर गेला. त्याच ब्राझीलने २०१४ मध्ये काढलेली आहाराची मार्गदर्शिका मला आवडते. ती लोकांना घरी शिजवायला सांगते, आणि त्याबरोबर हेही सांगते की स्वयंपाकाचं काम घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं. आपल्याकडे पहिला अर्धा भाग व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतो. दुसरा अर्धा मला अजून कुणी फॉरवर्ड केलेला नाही.

आणि दुसरं, पुडीतही कुणाचे तरी हात असतात. लिज्जत पापड १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केला. आजही बायका केंद्रावरून पीठ नेतात आणि आपल्या घरी पापड लाटतात. म्हणजे तो पापड घरचाच, फक्त दुसऱ्याच्या घरचा. मुंबईच्या गिरणगावात गावाकडून आलेल्या एकट्या कामगारांना खानावळी चालवणाऱ्या बायका जेवू घालायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या जेवणालाही घरचीच चव होती, म्हणून तर कामगार तिथे जेवायचे. पण त्या चवीचा महिन्याचा हिशेब होता. मला हे अन्न कमी प्रेमाचं वाटत नाही. उलट त्यात एक सरळपणा वाटतो. काय घेतलं, काय दिलं, दोघांना माहीत.

आमच्या घरात ते माहीत नव्हतं. आम्ही आईला पैसे देत नव्हतो, वेळ देत नव्हतो, मदत देत नव्हतो. आम्ही कौतुक देत होतो.

आणि कौतुक फुकटचं नसतं, हे मला त्या राखेने दाखवलं. 'तुझ्यासारखा मसाला कुणाला जमत नाही' असं पंचवीस वर्षं ऐकल्यावर ते वाक्य पुढच्या वर्षीच्या मसाल्याची ऑर्डर होऊन बसतं. नाही म्हणायची जागाच राहत नाही. जो रागावतो त्याला उलट बोलता येतं, जो कौतुक करतो त्याला काय बोलणार? खांदा धरला आहे, यंदा जमणार नाही, हे साधं वाक्य आईला बोलता आलं नाही, कारण ते बोलली असती तर तिच्याकडून तिची एकमेव पदवी गेली असती. ती आम्हीच तिला दिली होती. स्वस्तात.

मी माझ्या बाजूने एक वकिलीही करून बघितली. कौतुक करायचंच नाही का मग? ताटातलं आवडलं तर गप्प बसायचं? तेही क्रूरच झालं. याचं उत्तर मला पूर्ण सापडलेलं नाही. एवढंच दिसतं की जो मिरचीच्या धुरात उभा राहिलेला आहे त्याने 'मसाला भारी झाला' म्हणणं आणि जो ताटावर बसून म्हणतो त्याचं म्हणणं, यात शब्द तेच असले तरी गोष्ट एक नाही. पहिला माणूस काय झालंय ते सांगतो. दुसरा पुन्हा मागतो.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड आहे. आई जे जाणते ते कुठेच लिहिलेलं नाही. धणे किती? "घमेल्यात एवढे." खोबरं कधी काढायचं? "बदामी झालं की." पुडी आली की ही विद्या एका पिढीत संपते, आणि गिरणीमुळे गेलेल्या ओव्यांसारखी ती कुणी गोळा करून ठेवेलच असं नाही. बाईवरचं ओझं जावं असं वाटणं आणि बाईची विद्या राहावी असं वाटणं, दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच घमेल्यात आहे. मोकळं व्हायचं तर विसरायला लागतं का? की शिकणारे हात बदलले तर दोन्ही जमतं? लिहायला हे सोपं आहे. मी सव्वीस वर्षांचा होईपर्यंत त्या घमेल्याजवळ गेलो नव्हतो.

*

आईला मी पुड्यांबद्दल विचारलं नाही. एवढंच केलं की एका संध्याकाळी लाल वहीच्या 'घरखर्च' पानावर माझ्या अक्षरात लिहिलं: मसाला पुडी, १०ची, ११ नग. आणि वही नेहमीच्या जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने साखर लिहिली तेव्हा ते वाचलं असणार, कारण साखर त्याच्या खालीच लिहिली होती. ती काही बोलली नाही. जेवताना म्हणाली, "बरणीतला मसाला संपत आलाय." मी म्हणालो, "पुडी आण की दुकानातून." वडील ताटातून मान वर न करता म्हणाले, "लिहून आण."

कामाला येणाऱ्या मुलाशी बोलायचं राहिलंच आहे. काय बोलणार? मी त्याच्यावर आरोप केलाच नव्हता, त्यामुळे मागे काय घ्यायचं हेही कळत नाही. तो आता मसाल्याच्या माळेकडे जाताना आधी माझ्याकडे बघतो. एखादं गिऱ्हाईक पुडी मागतं तेव्हा मीच उठून देतो. हे उत्तर नाही, मला माहीत आहे. आमच्या घरच्या चवीची किंमत काही दिवस त्याने भरली, आणि ती कुठल्याच वहीत नाही.

या चैत्रात आईने परत मिरच्या उन्हात टाकल्या. खांदा थोडा सैल झाला आहे, पूर्ण नाही. मला वाटलं, वहीतल्या त्या ओळीमुळेच हे चाललंय. मी म्हणालो, "आई, कशाला? आता पुड्या आहेत ना. आम्हाला चालतं खरंच."

ती खोबरं किसत होती. म्हणाली, "तुला काय वाटलं, तुमच्यासाठी करते मी सगळं?"

"मग?"

"खोबरं भाजताना वास सुटतो ना, तो मला आवडतो. लहानपणापासून." मग थोडं थांबून, "आणि तुझ्या त्या पुडीत दगडफूल नावालासुद्धा नाही."

पुडी वापरून, तीन महिने गप्प राहून, तिने तिचा अभ्यासही करून ठेवला होता.

त्या दिवशी घमेल्यापाशी मी बसलो. धणे जमले. तीळ तडतडले, जमले. खसखशीच्या वेळी काउंटरवरून कुणीतरी हाक मारली, मी मान वळवली, तेवढ्यात आई ओरडली, "हात थांबवू नको!" पण थांबला होता.

लाल वहीत त्या दिवसाखाली तिच्या अक्षरात दोन ओळी आहेत. खसखस ५० ग्रॅम. आणि त्याखाली: खसखस ५० ग्रॅम, पहिली पोराने जाळली.